जावईबापूंचे रिले

एखाद्याला चारचौघांत गप्प करण्यासाठी तुम्ही कधी दोन महिने वाट पाहिली आहे का? मी पाहिली आहे. त्याची मला लाज वाटत नाही.

नामांतराचा ठराव झाला होता, पण विद्यापीठाची पाटी बदलली नव्हती, त्या वर्षांतली ही गोष्ट. ओझं उचलून नेणारा यंत्रमानव बनवायची स्पर्धा परभणीत होती. आमच्या तंत्रशाळेच्या दोन जोड्या होत्या. जिंकेल ती पुढच्या फेरीला औरंगाबादला जाणार होती, आणि मला व माझ्या जोडीदाराला तिथे जायचंच होतं.

मोटारी चालू-बंद करायला रिले लागतात. सरांनी कपाटातले कोरे रिले दुसऱ्या जोडीला दिले. आम्ही हात पुढे केला, तर म्हणाले, "सरकारचे जावई ना तुमी? मग जावईबापू, तुमचं सरकार देईल की! तुमी घोषणा द्या, मशीन ह्यांना करू द्या." वर्ग हसला.

जोडीदाराचे वडील मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. ते आम्हाला तिथल्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेले. भंगारातल्या पॅनलमधून काकांनी चोवीस व्होल्टचे रिले काढले.

"लय जुने हायत, काका," मी म्हणालो.

"तुला नवरी बघायचीय का? दहा वर्षं सरकीच्या धुळीत चाललेत हे. लाईटीवर इसंबू नको, बॅटरीवर चालव."

ट्रकच्या दोन बॅटऱ्या मागून आणल्या. दोन महिने आम्ही वायरी जोडत होतो. मी मात्र मनात सरांचा पडलेला चेहराही जोडत होतो, रोज थोडा थोडा.

स्पर्धेच्या दुपारी व्होल्टेज पडलं. दुसऱ्या जोडीची गाडी थेट लाईटीवर होती. तिचे कोरे रिले टरटरले आणि उचललेली वीट मध्येच पडली. सर धावत आमच्याकडे आले. "तुमचे रिले, बॅटऱ्या काढा, ह्यांच्या गाडीला लावा. शाळेच्या इज्जतीचा सवाल हाय."

"सर, जावयाला दिलेलं परत मागत न्हाईत. आन् तुमी तर दिलंबी नव्हतं."

आमच्या गाडीने वीट उचलली, नेली, ठेवली. परीक्षकांनी सरांना विचारलं, "हे कंट्रोल कोणी निवडलं?" सर म्हणाले, "माझ्याच मार्गदर्शनाखाली..."

मी पॅनलचं झाकण काढलं. "सर, यातला मोटार उलटी फिरवणारा रिले दाखवा."

सर वाकले. एका रिलेवर बोट ठेवलं, उचललं, दुसऱ्यावर ठेवलं. जोडीदार कानात पुटपुटला, "बास कर आता." मी बास केलं नाही. मी त्यांना तसंच वाकलेलं ठेवलं. शेवटी परीक्षकांनीच जोडीदाराला विचारलं आणि त्याने एकेक वायर सांगितली. औरंगाबादला आम्ही गेलो. ती वाकलेली पाठ मला आजही गोड लागते.

तुमच्यापैकी कोणी उद्या परीक्षक म्हणून जाल, तेव्हा एवढं करा. सरांना आधी दालनाबाहेर चहाला पाठवा. मग ज्याच्या नखात ग्रीस आहे, त्याला प्रश्न विचारा.