अर्धलीची कोंबडी

कारभारीण वारली तेव्हा तिची खुडूक कोंबडी शेजारच्या सुनेकडं अंड्यांवर बसली हुती. आमच्या आळीत अशी कोंबडी अर्धलीनं देतात. पिल्लं निघाली की निम्मी जिची कोंबडी तिची.

तेरावं उरकल्यावर ती सून कोंबडी आणि निम्मी पिल्लं पाटीत घालून दारात आली. मी म्हणालो, "ने माघारी. मला कुणाची दया नको."

"दया कसली, मामा? तुमची अर्धल हाय. मामी असत्या तर कवाच मागाय आल्या असत्या."

मग आळीतल्या कोंबड्यावाल्या बाया कुंपणावरून सुरू झाल्या. एक म्हणाली, कण्या भिजवून घाला. दुसरी म्हणाली, घारीकडं ध्यान ठेवा. "मला शिकवू नका," म्हणत मी पाटी घेतली.

त्या गेल्यावर गुपचूप कण्या भिजवल्या आणि अंगणात बसून हात पुढं केला. कारभारणीच्या तळहातावरचं ती कोंबडी बिनधास्त खायची. माझा हात बघून मात्र पिल्लांना घेऊन मागं सरली. मी कण्या भुईवर ठेवल्या. आपण दिसलो नाही तर खाईल तरी, म्हणून घरात जाऊन दार लावून घेतलं.