पुतळीचा भारा

दक्षाच्या पाड्यावर बाया रानातून गवत आणतात, तेव्हा एक रीत कधी मोडत नाही. भारा बांधून झाला की शेजारची हात लावते, मगच तो डोक्यावर चढतो. दोघींचं कितीही वाकडं असो, हात लावायला कुणी नाही म्हणत नाही.

दक्षाची आई पुतळी, हिला मात्र २०१४ पासून दोन वर्षं कुणी हात लावला नाही. गुन्हा एवढाच, की सोळा वर्षांची दक्षा भिकाच्या पुतण्याला द्यायची सोडून तिने बोर्डीला शिकायला ठेवली. भिका म्हणजे पाड्याचा कारभारी. नाक कापलं गेलं म्हणून त्याने पुतळीला वाळीत टाकलं आणि अख्ख्या पाड्याची दातखीळ बसली.

पुतळीने युक्ती काढली. भारा बांधावर लोटत न्यायचा, आपण खालच्या खाचरात उतरायचं, भाऱ्याखाली डोकं घालून उठायचं. असं उठताना एकदा मानेत कळ गेली ती कायमची. आज तिला मागे बघायचं तर अख्खं वळावं लागतं. पुढे पाडा आपणहून बोलायला लागला. माफी कुणीच मागितली नाही.

दक्षा विसरणारी नव्हतीच. तलासरीत दाखले काढून देणाऱ्या केंद्रात ती कामाला लागली आणि दुपारच्या रिकाम्या वेळात तिने एक गेम बनवला. ब्राउझरमध्ये उघडायचा. करडा पाडा, बंद दारं, आत दिवे, आवाज फक्त रातकिड्यांचा. एकट्या बाईने भारा डोक्यावर घेऊन घर गाठायचं, बस. लांबलांबचे लोक खेळायचे, अडकायचे, कसं करायचं म्हणून लिहून विचारायचे. ती एकालाही उत्तर देत नसे. अडकू देत मेले.

२०१८ च्या जूनमध्ये भिका दाखल्यासाठी आला. खताची गोण त्याने बाहेर पायरीशी टाकली होती. सरकारी साइट अडकलेली. दक्षाने आपला गेम उघडून स्क्रीन त्याच्याकडे फिरवला, कुठली बटणं दाबायची ते दाखवलं. सगळ्या रांगेसमोर त्याला अडकलेला बघायचं होतं तिला.

भिकाने भारा बांधावर लोटला, बाईला खाली उतरवलं, वाकवलं, उठवलं. पहिल्याच खेपेला.

"कसं कळलं?" दक्षाने विचारलं.

"तुजे आयेला बघलाय ना. ओट्यावरशी, रोजच," तो म्हणाला, आणि काय बोलून बसलो ते कळल्यावर खाली बघू लागला.

दक्षाच्या डोक्यात सणक गेली. इतकी वर्षं ती समजत होती, निदान हे कुणी पाहिलं तरी नसेल. साइट सुरू झाली. तिने दाखला छापला, शिक्का मारला, त्याच्या हातात दिला.

बाहेर भिका गोणीशी दोनदा वाकला. जमेना. दारातून म्हणाला, "पोरी, हात लाव जरा."

"बांध शोधा, काका."

रांगेतला एक जण उठू लागला. दक्षाने लगेच त्याचा नंबर पुकारला, तसा तो खिडकीशी आला. भिका गोण ओढत रस्त्याकडेच्या गटाराच्या काठापाशी गेला आणि खाली उतरला. दक्षा दारात येऊन उभी राहिली आणि गोण त्याच्या डोक्यावर चढेपर्यंत बघत राहिली.