सोपे प्रश्न आधी

मंडळी, आज माझं चुकलं.

आमच्या वाचनालयाच्या ऑनलाइन चॅटवर मी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. रांग लवकर कमी व्हावी म्हणून सोपे प्रश्न आधी उरकते.

सकाळी शिवाजी पेठेतल्या एकानं विचारलं, "वडलांच्या फुटबॉल टीमचा जुन्या पेपरातला फोटो मिळंल काय? दवाखान्यात दाखवायचाय त्यांना."

शोधायला तासभर जाणार, म्हणून त्याला मागं ठेवलं. सुट्टी कधी, फॉर्म कुठं, असल्यांची उत्तरं देत बसले.

चार वाजता फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, वडील दुपारी गेले. फोटोत त्यांना ओळखलं की मी. बाकीच्यांची नावं तेच सांगणार हुते."

स्क्रीनवर रांग शून्य दिसत होती.

तुमच्याकडं अवघड म्हणून मागं कोण थांबलंय?