तळावरचं नाव

मल्हारगंजात भांड्यांवर नावं कोरणारे एक म्हातारबाबा बसतात. आमच्या घरचा पितळी गडू मी त्यांना दाखवला. संस्थानच्या महाराजांनी तो पणजोबांना दिला, असं आमच्याकडे सगळे छाती फुगवून सांगतात. बाबांनी चिंचेने तळ घासला, डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखाने अक्षरं चाचपली.

‘यमू. दोरीच्या उड्या. पहिला नंबर.’

‘कोण यमू? आमची पणजी तर सरस्वतीबाई!’

‘अरे भिया, लग्नात नाव बदललं असेल ना! माहेरचं नाव पूछो.’

मी तिथूनच आत्याला फोन लावला.

‘माझ्या आजीचं माहेरचं नाव? यमू. का रे?’

मी इतक्या जोरात ओरडलो की गल्ली वळून बघायला लागली. बाबांनी गडू धोतराला पुसून दोन्ही हातांनी पुढे केला.

‘दिला नाही भिया, जिंकला!’