पारबताबाईचा तोंडी पुरावा

अड्याळच्या बाजारात मी पारबताबाईच्या हातात आमचं पत्रक दिलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, टर्रकन दोन तुकडे केले आणि एकात झिंगे बांधून गिऱ्हाइकाला दिले. वर मलाच विचारलं, "काय लिवलं हाय यात?"

"तलाव वाचवा."

"तुले पोहता येते?"

"नाही, मावशी."

"मंग तू तलावाले वाचवशीन का तलाव तुले, बाबू?"

साठी ओलांडलेली ही ढीवरीण, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातली. तिच्या गावच्या तलावाचा पश्चिमेकडचा भाग उन्हाळ्यात कोरडा पडतो; पावसाळ्यात मासळी तिथंच अंडी घालते. तोच भाग पडीक दाखवून प्लॉट पाडायचा घाट एकानं घातला होता. 'इथं कधीच पाणी नव्हतं' हे त्याचं म्हणणं कागदावर होतं. 'इथंच जन्मभर जाळं टाकलं' हे पारबताबाईचं म्हणणं तोंडी होतं. आम्ही हरकत घेतली तेव्हा तहसील कचेरीतले साहेब म्हणाले, लेखी पुरावा आणा.

लेखी पुरावा होता. काही वर्षांपूर्वी एक संशोधक बाई दोन हिवाळे तिच्या ओसरीवर बसून तलावाची माहिती उतरवून गेल्या होत्या. "माह्या घरची भाजीभाकर खाल्ली, डाक्टर झाली. चांगलं झालं," पारबताबाई म्हणायची. त्यात टोमणा नसायचा. मी तो प्रबंध इंटरनेटवर शोधला. शीर्षक दिसलं, अनुक्रमणिका दिसली, संदर्भसूची दिसली. प्रकरणं बंद! विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालणार, ज्ञान लोकांचंच घेणार, आणि कुलूप लावणार तेही लोकांनाच.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती माझ्यासोबत आली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "नोंदणीकृत संशोधक कोण आहे?"

"मी नाई, बापा. पन माह्यातूनच काहाडलं ना तुमी ते."

तो ओशाळला. इथंच बसून वाचा म्हणाला; झेरॉक्स मात्र मिळणार नाही. मी सहा पानं हातानं उतरवली, त्यानं खाली शिक्का मारून दिला. इंग्रजी मजकूर मी मराठीत सांगत होतो. एका जागी तिनं अडवलं. "चूक हाय. बाईनं पानी घुटन्याएवढं लिवलं. मी कंबर म्हनलं होतं. काहून कमी केलं तिनं?"

सुनावणीत साहेबांनी पानं चाळली, तळटीप मोठ्यानं वाचली. "'स्थानिक महिलेने दिलेली तोंडी माहिती.' कोण ही महिला?"

"मीच."

"म्हणजे पुन्हा तोंडीच."

"साहेब, मी आली तं पुस्तक मांगता. पुस्तक आनलं तं त्यात मीच निंगते म्हनता. आता पान्यालेच घेऊन येऊ का?"

कचेरीतली माणसं हसली. साहेबही हसले. निकाल विरुद्ध गेला आणि आठ दिवसांत भराव टाकायला मुरुमाचे टिप्पर आले.

थंडीत तिनं अंथरूण धरलं. मी शेजारी बसलो असताना दोन विद्यार्थी प्रश्नावली घेऊन दारात आले. प्रकल्पासाठी त्यांना तलावातल्या मासळीची गावठी नावं हवी होती. चांगली पोरं होती, चपला बाहेर काढून आली होती. पारबताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. पोरं गेल्यावर मला म्हणाली, "कोनी पुसलं तं सांगजो, म्हातारी मुकी हाय."

आठवड्यानं ती गेली. मासळीची ती नावं मीही कधी तिला विचारली नव्हती.