येळवशीचा वॉलपेपर

दोन हजार चोवीस साल होतं, मी बहात्तर वर्षांचा होतो. रेणापूरला स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा एक बाबा आहे. गिऱ्हाइकाच्या फोनवर सणाचं चित्र लावायचा त्याला लई नाद. विचारायचं नाही, फोन हातात आला की वॉलपेपर बदललाच. वर म्हणणार, "बघा मामा, कसं झकास दिसायलंय!" पोळ्याला त्यानं माझ्या फोनवर विलायती गाय लावली होती.

डिसेंबरात लाल टोपीचा म्हातारा लावला, बर्फासकट. मी म्हणालो, "येळवस आली. तिचं लाव." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं करून पांडव पुजायचे आणि आल्यागेल्याला ताकातली आंबील आणि मिसळ भाज्यांची भज्जी खाऊ घालायची, हा आमचा लातूरकडचा सण. त्यानं बराच वेळ शोधलं. "न्हाई मामा, नेटवर आपला सणच न्हाई."

"माझ्या शेतात हाय. ये बघायला," मी तडकून बोललो.

आला की! पोटभर जेवला. मी आंबील ओतत होतो, तेव्हा माझ्या सुनेच्या हातात फोन देऊन त्यानं कोपीसमोर स्वतःचा फोटो काढून घेतला. संध्याकाळपर्यंत त्यानं धाडलेला तोच वॉलपेपर गावभरच्या फोनवर. वर येळवशीच्या शुभेच्छा, मधे हा दात काढून उभा, मागं माझी कोपी. माझा निस्ता हात, आंबील ओतणारा. शेजारी मलाच विचारतो, "त्यानं शेत कधी घेतलं हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा. तो आल्या आल्या त्याला चांगला झापला. मग फोन पुढं केला. "लाव ते येळवशीचं चित्र. त्यातला हात माझा हाय."