सत्यवतीची वाकडी रेघ

सकाळी बावखलावरचा, वाडीतल्या तळ्यावरचा, पंप सुरू झाला आणि पाणी पाटाने मेथीच्या वाफ्यांकडे निघालं, की सत्यवती पंपाच्या लोखंडी पेटीला पाठ टेकून बसायची आणि कनवटीचं यंत्र काढायची. पत्त्याएवढं. त्यावर दोन्ही अंगठे टेकवून अर्धं मिनिट गप्प राहायचं. तेवढ्यात हृदयाच्या ठोक्यांची रेघ मोबाइलवरून डॉक्टर फेलिशियाकडे जायची. सत्यवतीला ठोक्यांची काळजी नव्हती, गप्प राहण्याचीच शिक्षा वाटायची.

तिला एकदा चक्कर आली, म्हणून मुलाने, हरेशने, ते स्वस्तातलं यंत्र आणलं होतं. पण आठवडाभर रेघ यायची ती कोंबडीने उकरल्यासारखी. हरेश घाबरला.

"आई, उद्यापासून बाजार बंद. टोपलीला हात लावायचा नाही."

छत्तीस वर्षं ती वसईच्या बाजारात एकाच पायरीवर बसत होती. भाजी काय, व्यापारी बांधावरून उचलून नेईल. पण गिऱ्हाइकांची घासाघीस, शेजारच्या कोळणीचे टोमणे घरी कोण आणून देणार? दोन दिवस ती धड जेवली नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून फेलिशिया स्वतःच होळी गावातल्या त्यांच्या वाडीत आली. चक्कर आली तेव्हा दवाखान्यात काढलेली रेघ स्वच्छ आणि घरची तेवढी बिघडलेली, हे तिला पटत नव्हतं.

"मावशी, रोज कुठे बसता? तशाच बसा बघू."

सत्यवती बसली. पाठीमागे पंप घरघरत होता, हातातल्या बांगड्यासुद्धा थरथरत होत्या. फेलिशियाने कपाळाला हात लावला.

"हरेश, आधी ती मोटर बंद कर!"

वाडी शांत झाली. अर्ध्या मिनिटात रेघ उमटली. नीट, एकसारखी.

"म्हंजे आठ दिस तू पंपाची नाडी बघत व्हतीस?"

"हो ना! आणि तुमच्या लेकाने त्यासाठी तुमचा बाजार बंद केला."

हरेशने कान पकडले. सत्यवती पोट धरून हसली.

"उपाशीपोटी मात्र निघायचं नाही," फेलिशियाने बजावलं. "आणि पुन्हा चक्कर आली तर लगेच माझ्याकडे."

सोमवारी दोन भाकऱ्या खाऊन ती पायरीवर हजर झाली.

"आलीस?" कोळीण म्हणाली. "मी तुझ्या जागेवर मासळी पसरनार व्हते."

"पसर की, मी तुझ्या मांडीवर बसते."

दोघी हसत असतानाच एका मुलीने पिशवी पुढे केली.

"थांब बाय," सत्यवती म्हणाली, "कोथमिरीवर पानी मारते, मग देते."